गुण १

एप्रिल. दुपारचे दोन.
तांडापेठेतल्या शाळेत मी नववीचे पेपर तपासते आहे,
आणि खिडकीबाहेर तोच उभा आहे
ज्याच्यावर प्रश्न काढला होता मी :
'चेतनगुणोक्तीचे वाऱ्यासंबंधी एक उदाहरण लिहा.'

कूलरच्या ताटीतून तो आत येतो,
ओला होतो, वाळ्याचा वास अंगाला लावून
सोयरिकीला आल्यासारखा सभ्य बसतो.
बाहेर मात्र पत्र्यांवर पाय आपटत फिरतो.
यंदा ताट्या दुसऱ्याच माणसानं भरल्या. खालून भुसा गळतो.

पुस्तकातला वारा फार शिकलेला.
कुजबुजतो, निरोप नेतो,
कुणाच्या तरी पदराशी खेळतो.
त्याची बदली नागपूरला कधी झाली नाही.
इथला कोराडीची राख खाऊन येतो.
बर्डीवर तोंडाला दुपट्टे बांधलेल्या पोरी
त्याला एकसारख्याच दिसतात,
आणि पदर धरायला त्याला सवड नाही.
जुन्या बाया त्याला वावधन म्हणतात
आणि म्हणता म्हणता कडी घालतात.

तरी पोट्टे काय लिहितात?
वारा गाणे गातो.
वारा गाणे गातो.
वारा गाने गातो. (अर्धा कापला, 'ण'साठी.)
एकानं लिहिलं, वारा घरचा अभ्यास करत नाही.
त्याला पूर्ण दिला. निदान स्वतःचं होतं.

मग हजेरी क्रमांक चव्वेचाळीस, यामिनी पराते :
'माझ्या बाबांच्या अंगावरून वारं गेलं.'

लाल पेन थांबलं.
नमुना उत्तर म्हणेल, हा वाक्प्रचार;
प्रश्न तिसरा, जागा चुकली, शून्य.

एकवीस वर्षं शिकवते आहे,
हे वाक्य मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.
कोण म्हणालं असेल पहिल्यांदा?
रक्ताची गुठळी ठाऊक नव्हती तेव्हा.
रात्री अख्खा निजलेला माणूस
सकाळी अर्धाच उठला,
आणि घरातल्या बाईला वाटलं, कुणी येऊन गेलं.
वाजलं काही नव्हतं. दार तर उघडंच होतं.
तिनं वाऱ्याला पाय दिले.
आम्ही त्याला गळा देतो, बोटं देतो, विरह देतो;
तिला एवढंच सुचलं, की तो चालत असणार.
आरोपही केला नाही. नुसतं, गेलं.

आणि लिंग बदललं तिनं, हे आत्ता दिसलं.
गातो तो वारा.
जातं ते वारं.
माणूस करता करता मध्येच थांबली ती,
त्याला कुणी करायचं नाही असं ठरवून.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात यामिनीला विचारलं.
'कधी?'
'दिवाळीच्या आधी, बाई.
डावीकून गेलं. पहिले हात, मंग तोंड.
मार्चात ताट्या भरायचे ते. आपल्या शाळेच्याबी.'

'बोलतात?'

'माह्यं नाव घ्याले पाहतात.
अर्धंच येते. या. या.
दारात आलेल्याले वाटते,
बसाले सांगून राह्यले.
मंग लोकं बसतात, बाई.
मी चहा ठेवतो.'

एवढं बोलून ती ओढणी सावरत पळाली,
गणिताचा पेपर होता.

स्टाफरूममध्ये येऊन चौकटीत एक लिहिला.
कागद उडू लागला तसा तळहात ठेवला त्यावर.
कूलरचं पाणी संपलं होतं,
आत आता कोरडाच येत होता.
बंद करायला हवा होता.